नंबर घासलेला ट्रान्झिस्टर

यंदा जानेवारीत आमच्या हिंगणघाटातल्या एका शाळेच्या विज्ञानाच्या मॅडम घरी आल्या. म्हणाल्या, टीव्हीवर सारखं सेमीकंडक्टर, चिप, कारखाने असंच सुरू असतं, दहावीची मुलं विचारतात ते नेमकं असतं काय, अन् धडा वाचून मलाच धड सांगता येत नाही. तुम्ही चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले, तर एक तास येऊन सांगा. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! दुकान बंद करून सहा वर्षं झाली, तेव्हापासून घरात मिक्सरच्या बटणापलीकडं मला कोणी काही विचारत नाही. इस्त्रीचा शर्ट घातला, जुन्या पार्टांचा डबा काखेत मारला अन् गेलो.

मुलांना जे सांगितलं ते इथंही सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तांब्याच्या तारेतून वीज वाहते, कारण तांब्याच्या अणूजवळचा एक इलेक्ट्रॉन मोकाट असतो. तारेला सेल जोडला की हे सगळे मोकाट इलेक्ट्रॉन एका दिशेनं चालू लागतात. काचेत अन् प्लास्टिकात सगळे इलेक्ट्रॉन आपापल्या जागी बांधलेले, म्हणून त्यातून वीज जात नाही. या दोघांच्या मधला जो, तो सेमीकंडक्टर, पुस्तकातला अर्धवाहक. त्यातला मुख्य म्हणजे सिलिकॉन. वाळूतून काढतात. सिलिकॉनच्या अणूला समजा चार हात आहेत अन् चारही हातांनी त्यानं चार शेजाऱ्यांना धरून ठेवलंय. मोकळं कोणीच नाही, म्हणून शुद्ध सिलिकॉन जवळजवळ वीज नेतच नाही.

पण त्यात अगदी चिमूटभर फॉस्फरस मिसळला, तर फॉस्फरसला पाच हात. चार गुंतले, पाचवा इलेक्ट्रॉन मोकळा. तो वीज नेतो. याला म्हणायचं एन जात. बोरॉन मिसळला तर त्याला तीनच हात, एक जागा रिकामी राहते. पंगतीत एक पाट रिकामा असला, शेजारचा सरकून त्यावर बसला, मग त्याच्या शेजारचा सरकला, तर रिकामा पाटच उलट दिशेनं चालत गेल्यासारखा दिसतो. तशी ही रिकामी जागा चालते, अन् वीज तीही नेते. ही पी जात. पी अन् एन एकमेकांना जोडले की डायोड, त्यातून वीज एकाच दिशेनं जाते. एन, पी, एन असे तीन थर केले की झाला ट्रान्झिस्टर. त्याला तीन पाय. मधल्या थराच्या पायाला थोडासा करंट द्या, बाकीच्या दोन पायांतून मोठा करंट सुरू. तो थोडासा बंद करा, मोठाही बंद. तुमच्या मोबाइलातली चिप म्हणजे असे कोट्यवधी ट्रान्झिस्टर नखाएवढ्या तुकड्यावर बसवलेले, बाकी काही नाही.

मुलं छान ऐकत होती. डब्यातले ट्रान्झिस्टर मी बाकांवरून फिरवले. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, आजोबा, तिन्ही पाय सारखेच दिसतात, कोणता कोणता हे कसं ओळखायचं? मी म्हटलं, सोपं आहे, अंगावर नंबर छापलेला असतो, तो वाचायचा अन् पुस्तकात पाहायचं. ती म्हणाली, अन् नंबर नसला तर? मी म्हटलं, असं होत नाही, नंबर असतोच. तिनं हातातला ट्रान्झिस्टर पुढं केला. "याच्यावर नाई ना."

खरंच नव्हता. तो मीच घासला होता. मी तिच्या हातातून घेतला, खिशात टाकला, अन् मॅडमना सांगितलं की मला जरा घाबरल्यासारखं होतंय. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी येऊन पंख्याखाली पडलो. बायकोला वाटलं बीपी वाढला.

त्यानंतर या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, धंद्यातल्या गमतीजमती लिहा, लोकांना आवडतात. गमती आहेत, ढिगानं आहेत. एक सांगतो, म्हणजे त्यांचं मन राहील अन् माझा उगाचचा तोराही तुम्हाला दिसेल.

वडनेरच्या बाजूच्या एका भजनी मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर होता. अर्धा तास बरा चालायचा अन् मग आवाज घोगरा होऊन बसायचा. नागपूरला दोनदा नेऊन आणला, तिथं टेबलावर पाच मिनिटं लावून पाहिला, म्हणाले चांगला आहे. माझ्याकडं आणला तेव्हा मी म्हटलं, तो बिघडेपर्यंत मला पाहायचाय, तुम्ही सगळे या अन् गा. दुसऱ्या दिवशी अकरा जण ट्रॅक्टरनं आले, पेटी अन् मृदंग घेऊन. मे महिना. माझं दुकान ते केवढं, त्यात अकरा माणसं घामाघूम होऊन गायला बसली. बाहेर रस्त्यावर गर्दी. शेजारच्या किराणावाल्याला वाटलं माझ्या घरात काही बरंवाईट झालं, तो चप्पल काढून आत आला. पाऊण तासानं आवाज घोगरा झाला. मी रसवंतीवरून आणलेला बर्फाचा तुकडा एकेका ट्रान्झिस्टरला लावत गेलो. तिसऱ्याला लावला अन् आवाज खणखणीत झाला. म्हटलं, धरला चोर.

यातलं शास्त्र असं, की तांबं तापलं की वीज कमी नेतं, पण सेमीकंडक्टर तापला की जास्त नेतो. उष्णतेनं त्याचे बांधलेले इलेक्ट्रॉन सुटतात. जास्त करंट गेला की तो आणखी तापतो, तापला की आणखी करंट जातो, अन् मागं उष्णता काढायला जाड पत्रा नसला तर असा तो स्वतःलाच जाळून घेतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तर फार लवकर. मंडळानं मला नारळ अन् शेला दिला. मी त्या जागी नवा ट्रान्झिस्टर बसवला, अन् बसवण्याआधी पॉलिश पेपरनं त्याचा नंबर घासून काढला.

हे कशासाठी, तर आमच्या धंद्याची ती रीतच होती. मी नागपूरला ज्या उस्तादाकडं काम शिकलो त्यांनी सोल्डरिंग हातात द्यायच्या आधी पॉलिश पेपर दिला होता. कोणत्या ट्रान्झिस्टरच्या जागी कोणता चालतो, ही अक्कल आम्ही कितीतरी पार्ट जाळून मिळवलेली. गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसऱ्याकडं गेलं, त्यानं झाकण उघडलं, नंबर वाचला, तर आमची अक्कल फुकटात गेली. म्हणून नंबर घासायचा, त्यावर काळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. मी बायकोचं नेलपॉलिश वापरायचो, काळं मुद्दाम आणायला लावायचो. ती म्हणायची, माह्या नखायले लाल नाई भेटत अन् तुमच्या किड्यायले काळं लागते. आम्ही हसायचो. मला वाटायचं यात वाईट ते काय, वैद्य पुडीवर औषधाचं नाव लिहितो का?

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

वडनेरच्या पुढच्या एका गावात सरकारी आरोग्य केंद्र होतं. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही, त्यांची काही चूक नव्हती. तिथल्या फ्रिजमध्ये लहान मुलांच्या लसी असायच्या. त्या फ्रिजला स्टॅबिलायझर होता, म्हणजे लाइनचा व्होल्टेज कमी झाला तर वाढवून देणारा अन् वाढला तर कमी करून देणारा डबा. खेड्यावर तो लागतोच. शेतीच्या मोटारी चालू असल्या की बल्ब मिणमिणतो, अन् दुपारी शेतीची लाइन गेली की व्होल्टेज एकदम चढतो. डब्यातला एक ट्रान्झिस्टर ते ओळखतो, रिले नावाच्या चुंबकाच्या बटणाला करंट देतो, बटण टक् करून पलटतं अन् व्होल्टेज खाली येतो. ते बटण वेळेवर पलटलं नाही, तर फ्रिजवर नको तेवढा व्होल्टेज जातो अन् त्याचा कॉम्प्रेसर जळतो.

तो स्टॅबिलायझर एकदा माझ्याकडं आला होता. लागणारा ट्रान्झिस्टर माझ्याकडं नव्हता, केंद्राच्या नर्स, म्हणजे सिस्टर, तर तातडी करत होत्या. मी दुसऱ्या जातीचा बसवला. त्याच्या पायांचा क्रम वेगळा, म्हणून बोर्डाखालची तांब्याची पट्टी दोन जागी कापली, बारीक वायर फिरवून दोन पायांची अदलाबदल केली, वरून काळं लॅकर मारलं. एवढं सफाईदार काम, की कंपनीतून तसंच आलंय असं वाटावं. नंबर अर्थातच घासला. पण तो ट्रान्झिस्टर त्या कामाला थोडा नाजूक होता. मला तेव्हाच माहीत होतं. म्हटलं, चालेल तितकं चालेल.

दोन उन्हाळे चालला. तिसऱ्या उन्हाळ्यात गेला. सिस्टर डबा घेऊन माझ्याकडं आल्या अन् मी त्यांना चार दिवस उद्या या, उद्या या करत राहिलो. माझ्याकडं टीव्हीची रांग होती, अन् सरकारी काम म्हणजे सह्या अन् कागद. जिल्ह्याचा दुरुस्तीचा माणूस यायला आठ-दहा दिवस लागणार होते. पाचव्या दिवशी सिस्टरनी डबा उचलला अन् वनिताकडं नेला.

वनिता लोणारे वडनेरची. आयटीआय केलेली, तेव्हा तिशीची असेल, नवरा जिनिंगमध्ये कामाला. तिनं हिंगणघाटच्या बसस्टँडच्या मागं एक छोटं दुकान टाकलं होतं. बाई पेचकस घेऊन स्क्रू फिरवत बसलेली पाहायला पहिले काही दिवस लोक नुसतेच यायचे. मग काम द्यायला लागले, कारण ती सांगितलेल्या दिवशी काम द्यायची अन् काढलेला जुना पार्ट कागदात बांधून गिऱ्हाइकाला परत करायची. हे आमच्यातलं कोणीच करत नव्हतं. आम्ही चहाच्या टपरीवर तिच्यावर हसायचो. मी सर्वांत जास्त हसायचो, कारण सर्वांत जास्त गिऱ्हाइकं माझीच जात होती.

त्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मला काका म्हणायची. म्हणाली, काका, आरोग्य केंद्राचा स्टॅबिलायझर तुमच्या हातचा दिसतो, ट्रान्झिस्टर जळला, नंबर नाई त्याच्यावर, कोणता होता सांगता काय? मी म्हटलं, नेहमीचाच आहे. तिनं बोर्ड उलटा केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "खाली लॅकर मारलेलं हाय. मीटर उलटं दाखवून राह्यलं. पाय बदलवले काय तुमी?"

माझ्या डोळ्यापुढं ती कापलेली पट्टी लख्ख उभी होती. मी म्हटलं, "नाई. बोर्डावर छापलं हाय तसाच बसव. मीटरवर जाऊ नको, बाकीचे पार्ट लागून असतात, ते चुकीचं दाखवते."

असं का बोललो ते खरं सांगतो. मला वाटलं, ती नेहमीचा ट्रान्झिस्टर छापल्याप्रमाणं बसवेल, पाय उलटे पडतील, रिले हलणारच नाही. तिचा एक दिवस जाईल, हार मानून सिस्टरला म्हणेल माझ्यानं होत नाही, अन् डबा येईल माझ्याकडं. मग मी दहा मिनिटांत करून देईन, तेही सिस्टरदेखत. एवढाच माझा बेत होता. कोणाचं नुकसान होईल असं मनात आलं नव्हतं. हे मी सुटायला म्हणून सांगत नाही. बेत नीचच होता, फक्त छोटा होता.

अन् त्यात मी माझ्याच धंद्यात चुकलो. ट्रान्झिस्टरच्या दोन टोकांचे पाय उलटे लागले तर तो बंद राहत नाही. दोन्ही टोकांना एन जातच असते ना! तो उलटाही चालतो, पण अगदी दुबळा. जिथं पुरा करंट हवा तिथं थोडासाच देतो. हे मला ठाऊक होतं, कधीकाळी उस्तादानं सांगितलं होतं, पण त्या क्षणी डोक्यात नव्हतं. डोक्यात तीच होती.

वनितानं माझं ऐकलं. बोर्डावरचा बारीक स्क्रू फिरवून रिले ओढतो का पाहिलं. टक् वाजला. उलट्या ट्रान्झिस्टरनं थंड असताना टेबलावर तेवढं काम कसंबसं केलं. तिनं चार-पाचदा करून पाहिलं, मग सिस्टरला डबा दिला, जळका ट्रान्झिस्टर कागदात बांधून दिला. तिसऱ्या दिवशी दुपारी शेतीची लाइन गेली, व्होल्टेज चढला, रिले फडफडला अन् धरला नाही. कॉम्प्रेसर जळला. त्या दिवशी सिस्टर दौऱ्यावर होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या तर फ्रिज कोमट. शिशीवरचा चौकोनी डाग रंग बदलला की लस वाया गेली समजतात. सगळ्यांचे डाग बदलले होते. बाहेर ओसरीत आया पोरं घेऊन बसलेल्या. काही शेतातली मजुरी बुडवून, तीन-तीन कोस चालून आलेल्या. सगळ्यांना परत पाठवावं लागलं.

चौकशी लागली. मोठ्या डॉक्टरांनी जीप पाठवून मला बोलावून घेतलं, म्हणे तालुक्यातले जुने जाणकार तुम्हीच, बोर्ड पाहून मत द्या. मी जीपमध्ये पुढं बसून गेलो. केंद्राच्या व्हरांड्यात टेबल टाकलं होतं. डॉक्टर, सिस्टर, दोन-चार गावातले लोक, अन् एका बाजूला वनिता उभी. मी स्क्रू काढले, बोर्ड हातात घेतला, उलटा केला. माझी वायर तिथंच होती, लॅकर थोडं उडालेलं. मी त्या वायरवर अंगठा ठेवला. अन् तो तसाच ठेवून वरच्या बाजूनं बोर्ड डॉक्टरांना दाखवला.

"ट्रान्झिस्टर उलटा बसला हाय साहेब," मी म्हटलं.

यातला एक शब्द खोटा नव्हता. गावातला एक जण म्हणाला, बाईच्या हातात मशीन देलं तं असंच होईन. डॉक्टरांनी लिहून घेतलं. तेव्हा वनिता पुढं आली. आवाज चढवला नाही तिनं.

"काका, मी तुमाले फोन करून इचारलं होतं."

सगळे माझ्याकडं पाहू लागले. बोलायची ती वेळ होती. अंगठा उचलला असता तरी पुरलं असतं, बोलायचीही गरज नव्हती. डॉक्टर काही मला फाशी देणार नव्हते. फार तर आरोग्य खात्याचं काम गेलं असतं, चार लोक हसले असते. मी म्हटलं, "इचारलं असन बापा. मले काही आठवत नाई."

तिनं मान हलवली, जणू मी वाजवी तेच बोललो. मग पदर सारखा करून निघून गेली. मला चहा दिला. मी तो प्यालो, बिस्किटासकट. घरी आलो तर बायको म्हणाली, जीपनं नेलं म्हणे तुमाले, अन् तिनं शेजारणीला मोठ्या कौतुकानं सांगितलं. मी तिला थांबवलं नाही.

वनिताचं दुकान पावसाळा संपायच्या आत बंद झालं. कोणी दगड मारले नाहीत की भांडले नाहीत. लोक नुसते यायचे थांबले. टपरीवर पुष्कळ दिवस तिचाच विषय होता, अन् कोणीही लसीचं काही म्हटलं की माझ्याकडं पाहायचे, कारण मी जाणकार. मी हं हं करायचो. सिस्टरांना मेमो मिळाला अन् बदली झाली थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, तळेगावकडं. घरी त्यांची अंथरुणाला खिळलेली सासू होती.

नंतर मी अठरा वर्षं दुकान चालवलं. नंबर घासणं मी त्या उन्हाळ्यापासून बंद केलं, पण त्यानं काय होतं? पॉलिश पेपरचा दोष नव्हता. अडचण अशी, की मी ही गोष्ट विसरलो नव्हतो, पण तिच्यावर काही ना काही झाकण ठेवत गेलो. कधी म्हणायचो, वनितानं मीटरवर विश्वास ठेवायला हवा होता, मेकॅनिकनं दुसऱ्याचं ऐकावंच कशाला! कधी म्हणायचो, तिनं ते नाही तर दुसरं काही बिघडवलंच असतं. असलं काहीही. माणूस स्वतःला काय काय पटवून देतो ते पाहिलं की मला माझाच वीट येतो.

शाळेतल्या त्या पोरीनं तो ट्रान्झिस्टर पुढं केला, अन् तिसऱ्या दिवशी मी वडनेरची बस धरली.

वनितानं आता पन्नाशी ओलांडली. घराच्या पुढच्या खोलीत झेरॉक्सचं मशीन टाकलंय, फॉर्म भरून देते. मला पाहून उठली, या काका म्हणाली, पाणी आणून दिलं. मला वाटलं होतं ती दार लावून घेईल, तर मला सोपं गेलं असतं. मी आधी मशीनबद्दल विचारलं, बिघडलं तर तूच करत असशील? ती म्हणाली, नाही, हिंगणघाटून माणूस बोलावते, मी झाकण उघडलं अन् काही झालं तर लोक लगेच जुनं काढतात. अगदी सहज म्हणाली. मी ग्लास खाली ठेवला.

मग मी सगळं सांगितलं. पट्टी, लॅकर, फोनवर काय बोललो, का बोललो, रिले हलणारच नाही असं वाटलं होतं ते. मधे एक माणूस आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आला, तिनं काढून दिली, तेवढा वेळ मी थांबलो. पुन्हा सांगायला लागलो. मी रडलो, हे लिहायला लाज वाटते, पण रडलो. ती नाही रडली.

"मले माहीत होतं, काका," ती म्हणाली. "त्या दिवशी तुमचा अंगठा पाह्यला होता मी. तुमी तो उचललाच नाई."

मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही बोललीस? ती म्हणाली, बोलले तर होते, तुम्हाला आठवत नव्हतं. त्यापुढं तुमच्यासमोर माझं ऐकणार कोण होतं? घरचेसुद्धा म्हणाले, चूक झाली असंल, सोडून दे. नवरा आजवर असंच समजतो, की माझ्या हातून चूक झाली अन् मी कबूल करत नाही. पोरगी इंजिनीयरिंगला जायचं म्हणाली तेव्हा तिलाही तो तेच म्हणाला, आईसारखं करशील.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "मले काऊन सांगता? मले तं पह्यलेपासून माहीत हाय. ज्यायले माहीत नाई त्यायले सांगा."

तेवढंच बोलली. मी केंद्रात जाऊन आलो, तिथं तेव्हाचं कोणी नाही, जुने कागद कुठं आहेत कोणाला ठाऊक नाही, नवे डॉक्टर म्हणाले आजोबा, आता त्याचं काय? सिस्टरांचा नंबर मिळवून फोन केला. त्या रिटायर होऊन तळेगावलाच राहतात. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं अन् फोन ठेवून दिला. पुन्हा लावला तर उचलला नाही. वनिताच्या नवऱ्यापुढं बसून सांगितलं, तो मोबाइलकडं पाहत राहिला. टपरीवर सांगितलं तर दोघे-तिघे म्हणाले, जाऊ द्या हो, तुम्ही फार मनाला लावून घेता. मला त्यांचा राग आला, मग आठवलं की इतकी वर्षं हं हं करून त्यांना असं बोलायला मीच शिकवलं.

तेव्हा हा अंक आठवला. आमच्याकडं दिवाळीत तो घरोघरी जातो, वडनेरलाही जातो. संपादकांना म्हटलं, गमती नाहीत, हे छापत असाल तर देतो. त्यांनी नावं बदलू का विचारलं. मी म्हटलं, तिला विचारून सांगतो.

लेख लिहून तिच्याकडं नेला. तिनं झेरॉक्सच्या मशीनला टेकून उभ्यानंच वाचला. माझ्याबद्दल लिहिलेलं काही तिनं बदललं नाही, वाईट वाटू देऊ नका असंही म्हणाली नाही. शेवटी मी लिहिलं होतं, की माझ्या खोटेपणामुळं एका कष्टाळू बाईचं दुकान बंद पडलं. तिनं पेन घेतला, 'कष्टाळू बाईचं' यावर रेघ मारली अन् वर 'मेकॅनिकचं' लिहिलं. म्हणाली, नाव पूर्ण लिहा, अन् दुकान कुठं होतं तेही लिहा, लोक विसरले असतील.

तर लिहितो. हिंगणघाटला बसस्टँडच्या मागं मेकॅनिक वनिता महादेव लोणारे यांचं दुकान होतं. आरोग्य केंद्राचा स्टॅबिलायझर त्यांच्या चुकीनं बिघडला नाही. पाय बदललेले आहेत हे त्यांनी मीटर लावून बरोबर ओळखलं होतं. त्यांनी मला फोन करून विचारलं होतं, अन् मी त्यांना खोटं सांगितलं.